आई गेल्यापासून मऊभाताशिवाय काही शिजवलं नाही, आणि आता प्रवासाला निघतेय

ओंजळ | ३ जुलै, रात्री १०:४०

आईला जाऊन परवा चार महिने झाले. दहावा, तेरावा, बँकेची कामं, पेन्शनचे कागद यात पहिले दोन महिने गेले. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. आता कोणी येत नाही, कोणी विचारत नाही, आणि संध्याकाळ खायला उठते.

माझ्या हातून स्वयंपाकच होत नाहीये. भाजी चिरायला घेते आणि अर्ध्यावर सुरी ठेवून देते. नवरा पोळीभाजी करतो, मुलगा मुकाट्याने जेवतो. मी रात्री आठला वाटीभर आंबेमोहोर धुते, पाणी सढळ घालते आणि मऊभात लावते. वर तूप, मीठ, मेतकूट. तेवढाच घशाखाली उतरतो. संक्रांतीला आईने दिलेली मेतकुटाची बरणी होती, ती आता तळाला आलीय.

तिच्या वहीत मेतकूट सापडलं. हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ पाव, गहू २ चमचे, मग मोहरी, मेथी, जिरं, सुंठ, हळद, हिंग. दोनदा करून पाहिलं. रंग अगदी तोच येतो, पण वास येत नाही. बरणीत नाक घातलं की आई येते, माझ्या मेतकुटात नाक घातलं की नुसती भाजलेली डाळ.

दुसरी गोष्ट. पुढच्या आठवड्यात ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीला निघतेय. आईची धाकटी बहीण पावसजवळ असते, चार दिवस तिच्याकडे राहीन. सासरच्या एका मोठ्या बाई म्हणाल्या, "वर्ष व्हायच्या आत हिंडायला जात नाहीत. लोक काय म्हणतील?" तेव्हापासून जीव खालीवर होतोय.

तुमच्यापैकी कोणी या दिवसांतून गेलं असेल तर सांगा. काय खाल्लंत, कुठे गेलात, आणि त्याने खरंच काही झालं का?


गारवा | ३ जुलै, रात्री ११:०२

घट्ट मिठी. जा. तिकीट रद्द करू नकोस.


आजीची_पोतडी | ४ जुलै, सकाळी ७:१५

ओंजळ बाळा, मी सत्तरी ओलांडलेली आहे, म्हणून जुन्या रीतीबद्दल मीच बोलते.

वर्षभर सण करत नाहीत, गोडधोड नाही, मंगलकार्यात पुढे होत नाहीत, हे खरं. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला हसऱ्या चेहऱ्याने मिरवावं लागू नये, म्हणून ते आहे असं मी समजते. पण माणसांत जाऊ नये असं आमच्याकडे कुणी सांगितलं नाही. उलट दुखवट्याला नातलग घरी येऊन नेतात, जेवू घालतात, कापड करतात. माझे वडील गेले तेव्हा मामा बैलगाडी घेऊन आला आणि आईला पंधरा दिवस माहेरी घेऊन गेला. परतली तेव्हा तिच्या तोंडावर थोडं रक्त दिसत होतं. हवापालट म्हणायचे त्याला. तू मावशीकडे जाते आहेस, म्हणजे आईच्या माहेरच्याच माणसाकडे. त्याला हिंडणं कोण म्हणतं?

आणि जेवणाचं. ज्या घरातून मयत निघते तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी आणतात आणि बळेच खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. नवरा गेला तेव्हा माझ्या शेजारणीने तो घास माझ्या तोंडात घातला होता. पिठल्यात मीठ घालायचं विसरली होती बिचारी, रडत रडतच केलं असणार. ती चव अजून जिभेवर आहे, आणि त्या बाईचं ऋणही. तुझा मऊभात तुझा तूच स्वतःला भरवते आहेस. खात जा.


देवगडी | ४ जुलै, सकाळी ९:३०

आजी, प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. धन्यवाद.

ओंजळ, मेतकुटाबद्दल. सगळं एकत्र भाजलंत का? प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. डाळ दाताखाली कुटकन तुटली पाहिजे. मेथी शेवटी, जेमतेम रंग बदलेपर्यंत, नाहीतर कडू होते. हिंगाची पूड वापरू नका, खडा तेलात फुलवून कुटून घाला. निम्मा वास तिथेच असतो. आणि गहू कशाला? आमच्याकडे घालत नाहीत.


पाटावरवंटा | ४ जुलै, सकाळी १०:०५

गहू घालतातच! गव्हाशिवाय मेतकूट टाळ्याला चिकटतं. आमच्या तीन पिढ्या घालत आल्यात.


देवगडी | ४ जुलै, सकाळी १०:११

टाळ्याला चिकटलं तर तूप कमी पडलं असं समजायचं, गव्हाला मध्ये आणायचं नाही.


तिसरी_शिट्टी | ४ जुलै, दुपारी ३:२०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याचा, वय ६८. बायकोला जाऊन सात महिने झाले. एकतीस वर्षांच्या संसारात मी चहापलीकडे काही केलं नव्हतं. मुलगी परगावी आहे. तिने डबा लावून दिला. डबा चांगला होता, पण तो उघडला की रोज वाटायचं, मी कुणाच्या तरी ओसरीवर जेवतोय. मग ठरवलं की वरणभात तरी आपला आपण करायचा. मुलीने फोनवरून सगळं सांगितलं.

कुकर लावला. शिट्टीच होईना. झाकणाच्या कडेने नुसती वाफ निघत राहिली, पाणी आटलं, डाळ करपली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर हात टेकून इतका रडलो की धुणंभांडी करणाऱ्या मावशी हातातलं काम टाकून आत आल्या. त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. म्हणाल्या, "काका, रिंग सैल पडलीय. ताई तर फ्रीजरात ठेवायच्या."

मी फ्रीजर उघडला. बर्फाच्या ट्रेखाली, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, एक रिंग होती. तिचीच. ती दोन रिंगा आलटून पालटून वापरायची, एक झाकणात आणि एक गारठ्यात. म्हणजे तिने शेवटचा कुकर लावला तेव्हा दुसरी रिंग माझ्यासाठी तिथे ठेवून गेली होती, असंच मला वाटलं. पिशवी कडक झाली होती. रिंग बसवली. पहिली शिट्टी झाली तेव्हा मावशींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तिसरी झाल्यावर गॅस बंद केला. आयडी त्यावरूनच घेतला आहे.

प्रवासाचं म्हणाल तर, तिच्या अस्थी संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेत सोडल्या. तिथे माझे पाय वळत नाहीत. मी दर गुरुवारी एसटीने वाईला जातो, मला अर्धं तिकीट लागतं. ढोल्या गणपतीच्या घाटावर पायरीवर बसतो, पाण्यात हात घालतो. वाईची कृष्णाच पुढे माहुलीला जाते. बरोबर भाताचा डबा असतो. दुपारच्या गाडीने घरी येतो. त्याने काय होतं ते सांगता येणार नाही, पण बुधवारी रात्री झोप लागते.


गारवा | ४ जुलै, दुपारी ३:४१

काका...


आजीची_पोतडी | ४ जुलै, सायंकाळी ५:५०

भावोजी, वरणात चिमूटभर हळद, हिंग आणि गुळाचा खडा घालत जा. आणि एकट्यासाठी कुकर लावायचा तर छोटा तीन लिटरचा बरा पडतो. पण रिंग तीच वापरा.


घाटवळण | ४ जुलै, रात्री ९:००

सगळे "जा" म्हणताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ओंजळ, तुम्हाला घाबरवायचं नाहीये.

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मित्रांनी आग्रह केला, "बाहेर पड, बरं वाटेल." एका सहल कंपनीतर्फे हिमाचलला गेलो. बसमध्ये चाळीस माणसं, सकाळी सहाला गाणी, रात्री अंताक्षरी. प्रत्येक जेवणाला पंधरा पदार्थ मांडलेले असायचे आणि मला एकही जात नव्हता. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर माइकवर विचारलं, "तुम्ही का गप्प गप्प?" मी खोलीत गेलो तो बाहेर आलोच नाही. घरी परतलो तर दार उघडताच बाबांच्या चपला समोर. त्या आवरायच्या राहून गेल्या होत्या. आठ दिवस पळालो त्याचं व्याज त्या एका मिनिटात भरलं.

म्हणून माझं मत असं की प्रवास हे औषध नाही. कुठे आणि कुणाबरोबर जाता यावरच सगळं आहे. जिथे हसावं लागेल तिथे जाऊ नका.


विदर्भकन्या | ४ जुलै, रात्री ९:४५

घाटवळण, तुमच्या चपलांवरून आठवलं. आणि मला जेवणाबद्दलही तसंच म्हणायचंय.

इथे सगळ्यांना आईच्या-बायकोच्या चवीने आधार मिळतोय, माझं उलट झालं. माझे बाबा रविवारी खिचडी करायचे. तुरीच्या डाळीची, वरून कच्चं तेल आणि जवसाची चटणी. ते गेल्यावर वर्षभर मला त्या खिचडीचा वाससुद्धा सहन झाला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी जवसाची चटणी वाढली आणि मी ताटावरून उठले. लोकांना वाटलं मिरची लागली. मी त्या वर्षी जे बाबांनी कधी खाल्लं नव्हतं तेच खायची. इडली, पास्ता, काहीही. तेव्हा फार अपराधी वाटायचं की माझं प्रेम कमी आहे की काय.

आता तीन वर्षं झाली. मागच्या पोळ्याला पहिल्यांदा खिचडी केली. अर्धी खाल्ली, अर्धी उरली. चालेल.

ज्यांना आवडीचा पदार्थ तोंडात घालवत नाही त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.


मनमोकळी | ५ जुलै, सकाळी ११:२०

मी समुपदेशक आहे. वरचे प्रतिसाद वाचून दोन-तीन गोष्टी मांडाव्याशा वाटल्या.

दुःखाच्या पाच पायऱ्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या १९६९ साली मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. माझ्यासमोर बसणारी माणसं त्या क्रमाने कधीच जात नाहीत, आणि "मी अजून दुसऱ्याच पायरीवर का?" म्हणून स्वतःला दोष देतात.

मला जास्त पटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांचं १९९९ मधलं मांडणं. त्यांच्या मते शोकातलं माणूस झोक्यासारखं दोन टोकांत हेलकावे खातं. कधी गेलेल्या माणसापाशी जातं, म्हणजे आठवण, रडणं, बरणीत नाक घालणं. कधी उरलेल्या आयुष्यापाशी येतं, म्हणजे कुकर शिकणं, तिकीट काढणं. दोन्ही लागतं. एकाच टोकाला अडकलं की त्रास वाढतो. घाटवळण यांना सहलीत आठवणीच्या बाजूला जायला मिनिटभरही मिळालं नाही. विदर्भकन्या यांनी वर्षभर त्या वासापासून लांब राहून स्वतःला सांभाळलं. त्यात प्रेम कमी असण्याचा प्रश्नच नाही.

वासाबद्दल. बाकीच्या इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वासाचे संदेश तो नाका न गाठताही भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतात. म्हणून बरणी उघडल्याबरोबर, विचार करायच्या आधीच, डोळे भरतात.

एक मात्र लक्षात ठेवा. सहा महिने उलटूनही रोजचे व्यवहार ठप्प असतील, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोक ही स्वतंत्र नोंद आहे. आणि जीव नकोसा वाटत असेल तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.


पाटावरवंटा | ५ जुलै, सकाळी ११:५८

वाचनखूण साठवली. झोक्याचं फार पटलं.

अवांतर: देवगडी, तुम्ही सुंठ किती घालता?


देवगडी | ५ जुलै, दुपारी १२:०६

वाटीभर डाळीला बोटाच्या एका पेराएवढा तुकडा. यावर तरी एकमत होऊ द्या.


पाटावरवंटा | ५ जुलै, दुपारी १२:०९

झालं. गव्हाचं पुढच्या धाग्यात.


पायवाट | ५ जुलै, रात्री ८:३०

ओंजळ यांनी दोन प्रश्न विचारलेत, स्वयंपाकाचा आणि प्रवासाचा. माझ्या बाबतीत ते एकच झाले.

थोरल्या भावाच्या जाण्यानंतर मी ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलली. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. विमलेश्वरला पोचल्यावर नावेतून समुद्र पार करून मिठीतलाईला उतरायचं आणि उत्तर तटाने परत फिरायचं. अडीच हजार किलोमीटरांच्या वर चाल होते. मी देवभोळा नाही. मला फक्त थकायचं होतं, इतकं की रात्री विचार येऊ नयेत.

वाटेत आश्रमांत तयार जेवण मिळतं, पण काही ठिकाणी सदावर्त देतात. म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ, कधी दोन बटाटे. तीन दगड मांडायचे, काटक्या गोळा करायच्या आणि आपलं आपण रांधायचं. जाड टिक्कड निखाऱ्यावर भाजायचे. माझा पहिला टिक्कड बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा होता. बाजूला एक म्हातारे परिक्रमावासी बसले होते, त्यांनी आपल्यातला अर्धा मला दिला आणि माझा अर्धा काढून घेतला. खाल्ला त्यांनी तो कच्चा. एक शब्द बोलले नाहीत. कोण गेलं, कधी गेलं, काही विचारलं नाही. निघताना फक्त "नर्मदे हर" म्हणाले.

त्या दिवशी मी भावाच्या नावाने पहिल्यांदा मोठ्याने रडलो. घरी रडता आलं नव्हतं, वहिनी आणि पोरांसमोर मीच खांब होतो.

घाटवळण, तुमचं बरोबर आहे. गर्दीत गेलो असतो तर माझंही तेच झालं असतं.


परदेशी_पाखरू | ६ जुलै, रात्री १:१५

मी दुबईत असते. आई गेली तेव्हा विमान पकडून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. एका नातलगाने व्हिडिओ कॉल लावून दिला होता, तो मी विमानतळावर खुर्चीत बसून पाहिला. शेजारी अनोळखी माणूस बर्गर खात होता.

परत आल्यावर दहा दिवस मी घरात फोडणी दिली नाही. आमच्याकडे सुतकात देत नाहीत म्हणून. इथे कुणी विचारणारं नव्हतं, पाळलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. तरी साधं वरण, भात, मीठ, लिंबू एवढंच. तिथे राहून करायचं राहिलं ते इथे जेवून केलं, असं काहीतरी मनात होतं. अकराव्या दिवशी कढईत तेल तापवून मोहरी टाकली. ती तडतडली तेव्हा मला वाटलं, आता खरंच संपलं. फोडणीच्या आवाजाने कुणी असं रडलं असेल का कधी?


आजीची_पोतडी | ६ जुलै, सकाळी ६:४०

रडलंय ग बाई. मी रडलेय.


ओंजळ | ६ जुलै, सकाळी १०:१०

रात्रभर धागा वाचत होते. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं होतं, शब्द सुचत नाहीत.

तिसरी_शिट्टी काका, तुमचं वाचून मी उठून आमच्या कुकरची रिंग हातात घेऊन पाहिली. घाटवळण, घाबरले नाही, उलट बरं वाटलं. मावशीकडे हसायची सक्ती नाही. ती मुळातच कमी बोलते. आजी, तुमचा प्रतिसाद सासरच्या त्या बाईंना वाचून दाखवला. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मावशीला माझा नमस्कार सांग."

निघतेय. देवगडी, खडा हिंग घेतलाय बरोबर.


गारवा | १४ जुलै, रात्री १०:००

ओंजळ पोचली असेल का? कोकणात पाऊस फार आहे म्हणतात.


देवगडी | १४ जुलै, रात्री १०:२२

गाड्या पावसाळी वेळापत्रकाने जरा हळू चालतात, एवढंच. काळजी नसावी.


ओंजळ | २१ जुलै, रात्री ११:३०

आले परत. नीट सांगते.

गाडीत खिडकी मिळाली होती. चिपळूणपर्यंत काही वाटलं नाही, नुसती हिरवळ बघत होते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. आत शिरल्यावर गाडीचा आवाज भिंतींवर आपटून इतका वाढला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तेवढा वेळ मी रडून घेतलं. आईला हाकसुद्धा मारली. कुणाला ऐकू गेली नाही. बाहेर पडले तेव्हा समोरच्या बाईंनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली, म्हणजे पाहिलं असणार.

मावशीचं घर तसंच आहे. पहिल्या दिवशी तिने कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. दोघी जेवलो, भांडी घासली, झोपलो. आईचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस धरून होता. मी पिशवीतून वही काढली, खडा हिंग काढला आणि म्हटलं, मावशी, आईचं मेतकूट मला जमत नाही, तू जरा बघ.

तिने वहीचं पान बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "हे तर मासिकातून उतरवलेलं असणार. ताईने कधी केलं नाही हे."

मला कळेचना. मग तिने सांगितलं. आईला दमा होता, ते मला माहीत होतं. भाजताना मिरची-मोहरीचा धूर लागला की तिचा श्वास कोंडायचा. म्हणून गेली पंधरा वर्षं मेतकूट मावशी करायची आणि दिवाळीला मुंबईला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायची. आई ते आपल्या बरणीत भरायची, त्यातलं मला द्यायची. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. मी ज्या वासाला आई म्हणत होते तो मावशीच्या हातचा होता.

मला वाटलं होतं असं काही कळलं तर मी कोसळेन. तसं झालं नाही. मी विचारलं, मग आता आहे का थोडं? ती म्हणाली, "नाही. या खेपेला डाळ आणून ठेवलीय. केलंच नाही. पाठवायचं कुणाला?"

डाळीची पिशवी फडताळात तशीच होती, दोरा न सोडलेली. मार्चमध्ये आणलेली.

आम्ही ती उघडली. चुलीवर लोखंडी कढई चढवली. मी भाजत होते, ती पाटावर बसून बघत होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "अजून." मला वाटत होतं करपलं, ती म्हणत होती, "अजून." माझी डाळ घरी का फसत होती ते तिथे कळलं, मी फार लवकर उतरवत होते. मिरच्या टाकल्यावर ठसका लागला, दोघी खोकत पडवीत आलो. तिथे मावशी पहिल्यांदा बोलली. लहानपणी आई कशी भांडायची, शाळेत जाताना पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडताना मावशीचा हात कसा घट्ट धरायची. संध्याकाळपर्यंत बोलत होती.

निघताना तिने दोन पुड्या बांधल्या. म्हणाली, एक तुझी. दुसरीवर कुणाचं नाव नव्हतं. मी विचारलं नाही, दोन्ही घेतल्या. घरी आल्यावर आईच्या बरणीतलं तळाचं दोन चमचे उरलेलं होतं, त्यावरच नवीन ओतलं. काल मुलाने मऊभात मागून घेतला. आज मी दोडक्याची भाजी केली. पूर्ण चिरली.


विदर्भकन्या | २१ जुलै, रात्री ११:५२

"पाठवायचं कुणाला" इथे मला थांबावं लागलं.


तिसरी_शिट्टी | २२ जुलै, सकाळी ६:३०

मावशींना फोन करत जा. दर आठवड्याला एक वार ठरवून घ्या, म्हणजे त्यांना वाट बघायला दिवस मिळेल.


आजीची_पोतडी | २२ जुलै, सकाळी ७:०५

भावोजी बरोबर बोलले. आणि दिवाळीला डाळ तू पाठव तिला.


देवगडी | २२ जुलै, सकाळी ९:१५

मावशींचं प्रमाण मिळेल का?


ओंजळ | २२ जुलै, सकाळी १०:४०

हरभरा डाळ २ वाट्या, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, तांदूळ अर्धी वाटी, धणे पाव वाटी, जिरं २ चमचे, मोहरी आणि मेथी एकेक चमचा, ७-८ सुक्या मिरच्या, सुंठ, हळद, खडा हिंग. मूग आणि धणे आईच्या वहीत नव्हते. गहू नाही.

काका, रविवार ठरलाय.


पाटावरवंटा | २२ जुलै, सकाळी १०:४४

गहू नाही! मावशींपुढे मान तुकवतो.


नवी_सदस्य_२२ | २३ जुलै, सायंकाळी ७:१०

मी फक्त वाचत होते, आज सदस्यत्व घेतलं. काल बाबांचा तेरावा झाला. पाहुणे सकाळी गेले. आई दुपारपासून जेवलेली नाही, भाऊही नाही. घरात तांदूळ आणि तूप आहे. मला स्वयंपाक फारसा येत नाही. मऊभात कसा करतात?


ओंजळ | २३ जुलै, सायंकाळी ७:१६

किती जण आहात घरी?


नवी_सदस्य_२२ | २३ जुलै, सायंकाळी ७:१७

तिघं.


ओंजळ | २३ जुलै, सायंकाळी ७:२१

एक वाटी तांदूळ दोनदा धू. पाच वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ. कुकर अर्ध्याच्या वर भरू देऊ नकोस. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच मिनिटं ठेव, मग बंद कर. वाफ आपोआप जिरू दे, झाकण घाईने काढू नकोस. पळीने घोट, घट्ट वाटलं तर गरम पाणी घाल. आईच्या वाटीत तूप जरा जास्त घाल आणि ती जेवेपर्यंत शेजारी बस. मी जागी आहे, काही अडलं तर इथेच विचार.


तिसरी_शिट्टी | २३ जुलै, सायंकाळी ७:२४

कडेने वाफ गेली तर रिंग काढून दहा मिनिटं फ्रीजरात ठेव बाळा.


नवी_सदस्य_२२ | २३ जुलै, सायंकाळी ७:५८

दुसरी शिट्टी झाली.